एक रात्र की साठ टचडाउन? कॉलेज फुटबॉलचा सर्वांत भारी क्वार्टरबॅक कोण?

ऑस्टिनचा_अवलिया

पंचांग काही म्हणो, अमेरिकेतला गणपती शनिवार-रविवारीच सापडतो. आणि सप्टेंबरातला शनिवार म्हणजे कॉलेज फुटबॉल. त्यामुळे परवा ह्यूस्टनला मित्राकडे आत आरती चालू आणि गॅरेजमध्ये टीव्ही चालू, असा प्रकार होता. आरती संपत आली की गॅरेजमधली मंडळी (त्यात दोन काकूही) धावत आत येऊन शेवटच्या टाळ्या वाजवायची आणि प्रसाद घेऊन परत पसार.

त्या गॅरेजमध्ये लुइझियानाचे एक पाहुणे म्हणाले, "लुइझियाना स्टेटचा (एलएसयू) क्वार्टरबॅक जो बरो, त्याचा २०१९चा सीझन झाला, तिथेच हा विषय संपला." माझ्या तोंडात मोदक होता, म्हणून तेव्हा वाचले. आता धागा काढतोय.

माझं मत: व्हिन्स यंग, टेक्सास. ४ जानेवारी २००६, पॅसाडिना, रोझ बोल. समोर सलग ३४ सामने जिंकलेलं यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया), आणि त्यांच्याकडे एक सोडून दोन हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूची ट्रॉफी) विजेते, मॅट लाइनर्ट आणि रेजी बुश. पावणेसात मिनिटं उरली असताना आम्ही ३८-२६ मागे. तिथून त्याने एकदा सतरा यार्ड पळून टचडाउन केलं (चेंडू गोल लाइनपार नेला की सहा गुण), मग आपल्या बचावाने यूएससीला चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, अडवलं, आणि २ मिनिटं ९ सेकंद असताना चेंडू पुन्हा व्हिन्सच्या हातात. शेवटी चौथा डाउन, पाच यार्ड हवे होते, गोल लाइन आठ यार्डांवर. चुकलं तर खेळ खल्लास. तो पास द्यायला मागे सरकला, कोणी मोकळं दिसेना, आणि उजव्या कोपऱ्याकडे लांब ढांगा टाकत निघाला. पळत होता असंही म्हणवत नाही. बस सुटायच्या आधी ऐटीत चालत जाऊन पकडणाऱ्या माणसासारखा गेला. १९ सेकंद उरले. टचडाउननंतरच्या जादा प्रयत्नाचे वरचे दोन गुणही त्यानेच पळून घेतले. ४१-३८.

२६७ यार्ड पास, २०० यार्ड धाव, तीन टचडाउन. सगळं देशाच्या अजिंक्यपदाच्या सामन्यात.

तेव्हा मी विद्यार्थी होतो. एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये अकरा जण आणि भाड्याच्या दुकानातून आणलेला टीव्ही. सामना संपल्यावर बाहेर आलो तर युनिव्हर्सिटीचा टॉवर नारिंगी उजळलेला आणि खिडक्यांच्या दिव्यांतून १ आकडा काढलेला. त्या गर्दीत एका अनोळखी आजीबाईंनी माझा गालगुच्चा घेतला होता.

अट एकच. पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, जाऊन कोणी काय दिवे लावले ते इथे आणायचं नाही. कॉलेजचं कॉलेजात.

बायूकाठची_मंजिरी

ते पाहुणे म्हणजे माझा नवरा. मोदक छान होते, मत चुकीचं आहे.

तुम्ही एक रात्र सांगताय, मी पंधरा सांगते. एलएसयू, २०१९, १५-०. ५६७१ यार्ड, ६० टचडाउन पास आणि अख्ख्या सीझनमध्ये इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास) फक्त सहा. शंभरातले ७६ पास पूर्ण. क्रमवारीतल्या पहिल्या दहांमधले सात संघ हरवले. ओक्लाहोमाविरुद्ध उपांत्य सामन्यात पहिल्या अर्ध्यातच सात टचडाउन पास! मी भाकरी थापत होते, दोन भाकऱ्यांमध्ये तीन टचडाउन हुकले.

आणि हा मुलगा ओहायो स्टेटमध्ये संधी मिळेना म्हणून आमच्याकडे आलेला. शेवटच्या घरच्या सामन्यात पाठीवरच्या आडनावाचं स्पेलिंग त्याने इथल्या केजन फ्रेंच धाटणीचं करून घेतलं. एलएसयूच्या गावी, बॅटन रूजमध्ये, लोक अक्षरशः रडले. हाइझमन घेताना तो स्वतःबद्दल कमी आणि आग्नेय ओहायोतल्या उपाशी शाळकरी मुलांबद्दल जास्त बोलला, आणि त्यानंतर तिथल्या अन्नपेढीला लोकांनी पाच लाख डॉलरवर रक्कम दिली.

तुमच्या व्हिन्सला त्या वर्षी हाइझमन मिळालीच नव्हती, दुसरा आला होता. हे मूळ लेखात दिसलं नाही, राहून गेलं असेल.

आणि हो, ७ सप्टेंबर २०१९, ऑस्टिन. तिसरा डाउन आणि सतरा यार्ड. आठवतंय का?

ऑस्टिनचा_अवलिया

आठवतंय. होतो तिथे. त्यावर नंतर बोलेन.

हाइझमनची मतं रोझ बोलच्या आधी पडतात हो ताई. महिन्याभराने मतदान घेतलं असतं तर? बुशने ती ट्रॉफी २०१० मध्ये सोडली आणि २०२४ मध्ये त्याला ती पुन्हा मिळाली. ज्या पैशांवरून गेली ते आता खेळाडू उघडपणे, कायद्याने घेतात. त्यामुळे हाइझमनचं मला कौतुक सांगू नका.

तुमच्या बरोकडे पास झेलायला जस्टिन जेफरसन आणि जमार चेस. त्याला राखणारी लाइन त्या वर्षीची देशातली सर्वोत्तम म्हणून गौरवलेली. अशा वेळी मीसुद्धा दहा-बारा टचडाउन काढले असते. (हलकेच घ्या.) पण खरा प्रश्न असा: २०१८ मध्ये हाच बरो, हेच कॉलेज, टचडाउन पास १६. पुढल्या वर्षी ६०. मधे काय झालं? जो ब्रेडी नावाचा नवा प्रशिक्षक आला आणि पासिंगची सगळी पद्धत बदलली. मग मोठं कोण, बरो की पद्धत?

हिशोबनीस

दोघांच्याही मताशी असहमत, पण आधी मंजिरीताईंच्या आकड्यांकडे.

६० टचडाउन पास हा विक्रम दोन वर्षं टिकला. २०२१ मध्ये बेली झॅपीने ६२ केले, यार्ड ५९६७, तेही एक सामना कमी खेळून. कॉलेज? वेस्टर्न केंटकी. आकड्यांवरच ठरवायचं तर उठा आणि झॅपीला हार घाला. कोणी उठत नाही, कारण वेस्टर्न केंटकीसमोर कोण होतं ते आपल्याला माहीत असतं. म्हणजे तुम्ही आकडे सांगता, पण मोजता भलतंच.

दुसरं, सीझनची लांबी. बरो पंधरा सामने खेळला. फ्लोरिडाच्या टिम टीबोने २००७ मध्ये पासची ३२ आणि धावण्याची २३ मिळून ५५ टचडाउन केले, तेरा सामन्यांत. बरोचे धावण्याचे पाच धरून ६५. सामन्याला सरासरी काढा: टीबो ४.२३, बरो ४.३३. फरक मोदकाच्या कळीएवढा.

तिसरं, आणि हे बहुतेकांना माहीत नसतं. २००२ च्या आधी बोल सामन्यांचे (सीझनअखेरच्या मानाच्या सामन्यांचे) आकडे सीझनच्या अधिकृत आकड्यांत धरतच नसत. म्हणजे जुन्या खेळाडूचा सर्वांत मोठा सामना त्याच्या खात्यात नाही आणि नव्याचा आहे. १९७२ च्या आधी पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायची परवानगी नव्हती, म्हणजे कारकीर्द तीनच वर्षांची. आणि कॉलेजात क्वार्टरबॅकला मागे पाडलं की ते यार्ड त्याच्या धावण्यातून वजा होतात. त्यामुळे पळणाऱ्या क्वार्टरबॅकचे आकडे कायम थोडे खंगलेले दिसतात.

व्हिन्सच्या बाजूने एकच आकडा देतो: एकाच सीझनमध्ये पासचे ३००० आणि धावण्याचे १००० यार्ड करणारा तो पहिला. ३०३६ आणि १०५०. बाकी चालू द्या.

नागपूरचा_पोट्टा

काय बाप्पा, अर्धा घंटा वाचून राहिलो, ह्यात पायानं चेंडू कोण मारते तेच सापडून नाही राहिलं. क्वार्टरबॅक म्हणजे नेमका कोण?

हिशोबनीस

पाय जवळपास कोणी लावत नाही, नावावर जाऊ नका. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. तो प्रयत्न म्हणजे डाउन. जमलं की पुन्हा चार. प्रत्येक प्रयत्नाला चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. मग तो तीनएक सेकंदांत ठरवतो: फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की स्वतः पळायचं. समोरून सव्वाशे किलोची माणसं त्याला लोळवायला येत असतात.

नागपूरचा_पोट्टा

म्हंजे लग्नात वाढपी असते तसा. सगळ्यायले द्यायचं अन् वरून शिव्याबी खायच्या. समजलं. चालू द्या.

लिंकनचा_मक्या

आता गप बसवेना.

नेब्रास्काच्या संघाचं नावच मका सोलणारे. मी गडहिंग्लजचा, मका सोलतच मोठा झालो. १९९७ ला लिंकनला उतरलो तेव्हा मला वाटलं आपलीच माणसं. शनिवारी स्टेडियम भरलं की ते राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं असं तिथं सांगत्यात, आणि १९६२ पासून एकाही सामन्याची तिकिटं शिल्लक राहिलेली नाहीत.

माझा माणूस टॉमी फ्रेझर. १९९४ आणि १९९५, लागोपाठ दोन अजिंक्यपदं. सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांत ३३ जिंकले, ३ हरले. मधे पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या, १९९४ चा जवळजवळ सगळा सीझन गेला, आणि तरी गडी अजिंक्यपदाच्या सामन्याला परत उभा राहिला.

२ जानेवारी १९९६, फिएस्टा बोल, समोर फ्लोरिडा. तेव्हा सगळे म्हणत होते की हे नेब्रास्कावाले जुन्या पद्धतीचे, चेंडू फेकतच नाहीत, फ्लोरिडाचं हवेतलं आक्रमण ह्यांना उडवणार. निकाल ६२-२४, आमच्या बाजूनं! एका सामन्यात ५२४ यार्ड निव्वळ पळून. आणि फ्रेझरची ती ७५ यार्डांची धाव. चार-पाच जण अंगावर, एकानं कमरेला मिठी मारलेली, गर्दीत गडी दिसेनासा झाला, आपण म्हणतोय झालं, संपलं. आणि त्या ढिगाच्या पलीकडून हा एकटाच बाहेर. सातेक हात तरी झटकले असतील त्यानं. नाद खुळा.

आता हिशोब बघा. १९९५ ला फ्रेझरचे टचडाउन पास १७. बरोच्या साठाशेजारी ठेवले तर पोरगं नापास. पण त्या संघाचा त्या वर्षीचा सगळ्यात अटीतटीचा विजय १४ गुणांचा होता, भावांनो. आमचे प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न, त्यांच्या ऑप्शन नावाच्या डावात क्वार्टरबॅक लाइनच्या कडेनं पळत जातो, समोर एकच बचावपटू मुद्दाम मोकळा सोडलेला असतो, आणि त्या गड्याच्या खांद्याकडे बघून ठरवायचं: चेंडू ठेवायचा की बाजूच्या गड्याकडं ढकलायचा. अर्ध्या सेकंदाची गोष्ट. चुकलात तर चेंडू जमिनीवर आणि तुम्ही त्याच्याखाली. हे वाचन आकड्यांत कुठं दिसतंय?

बायूकाठची_मंजिरी

मक्याभाऊ, ती धाव मी यूट्यूबवर पाहिली. दहा वेळा पाहिली. मान्य, अंगावर काटा येतो. पण फ्लोरिडाचे लोक तिथे अडवत होते की ओवाळत होते? आजचा बचाव अशी कमरेला मिठी मारून लोंबकळत नाही.

लिंकनचा_मक्या

आज तसं अंगावर गेलं तर पंच बाहेर काढत्यात. २०१३ पासून डोक्याला डोकं लावलं की हकालपट्टी. तुमच्या बरोला त्या काळात पंधरा सामने उभं राहून दाखवू दे की.

गेनेसव्हिलची_गौरी

फ्लोरिडावर बोलणं चाललंय तर आमचीही हजेरी.

फ्रेझरने आमची धुलाई केली, मान्य. म्हणूनच आम्ही पुढच्याच वर्षी अजिंक्यपद जिंकलो. पण टीबोला हिशोबनिसांनी एका दशांश चिन्हात उरकलं, हे काही बरं नाही. सप्टेंबर २००८, घरच्या मैदानावर ओल मिसकडून (मिसिसिपीचं कॉलेज) ३१-३० हार. पत्रकारांसमोर बसला, डोळे भरलेले, आणि म्हणाला की या सीझनमध्ये इथून पुढे माझ्याइतकी मेहनत करणारा खेळाडू तुम्हाला दिसणार नाही. त्यानंतर एकही सामना हरलो नाही, अजिंक्यपदासकट. ते शब्द आता स्टेडियमबाहेर धातूच्या पाटीवर आहेत. मुलाला गणिताचा अभ्यास नको असला की मी त्याला त्या पाटीपुढे उभं करते. उपयोग शून्य.

बॉस्टनचे_काका

सर्व मुलामुलींना नमस्कार. माझे वय ७९ आहे, टंकलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात.

तुमच्या चर्चेत १९९५ म्हणजे प्राचीन काळ दिसतो. मी १९८४ बद्दल लिहितो. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार, २३ नोव्हेंबर. ऑफिसला सुट्टी, घरी आदल्या दिवशीचा मसालेभात. टीव्हीवर मायामीहून बॉस्टन कॉलेजचा सामना, तिकडे पावसाळी अंधारून आलेले. मला त्या खेळातले फारसे कळत नव्हते. पण आमच्या गावचे कॉलेज आणि त्यांचा डग फ्लूटी हा पाच फूट दहा इंचांचा मुलगा, मोठ्या कॉलेजांनी ज्याला विचारले नव्हते तो, म्हणून बघत होतो. माझी स्वतःची उंची पाच फूट पाच आहे, त्यामुळे जरा आपुलकी.

अठ्ठावीस सेकंद असताना मायामीने ४५-४१ आघाडी घेतली. सौ. म्हणाल्या, "झाले ना? आता भात गरम करू का?" सहा सेकंद उरली, चेंडू मायामीच्या ४८ यार्डांवर. फ्लूटी मागे मागे गेला, उजवीकडे सरकला, आणि वाऱ्याच्या विरुद्ध त्याने फेकला. हवेत साठ यार्डांहून अधिक. मायामीचे बचावपटू गोल लाइनच्या अलीकडेच थांबले, कारण एवढासा मुलगा इतक्या लांब फेकेल असे त्यांना वाटलेच नाही. चेंडू त्यांच्या डोक्यांवरून मागे गेला आणि तिथे जेरार्ड फेलन उभा. फ्लूटीचा खोलीतला जोडीदार. ४७-४५. भात थंडच खाल्ला.

लोक तो एक फेकलेला चेंडू लक्षात ठेवतात. त्या दिवशी एकूण ४७२ यार्ड त्याने फेकले होते हे विसरतात. कॉलेज कारकिर्दीत १०,००० यार्डांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला. कॉलेजबाहेर त्याचा पुतळा आहे, फेकण्याच्या पवित्र्यातला. त्याच्या शेजारून जाताना मी अजूनही त्याच्या पायाशी असलेल्या चौथऱ्याची उंची वजा करून बघतो.

हिशोबनीस

काका, दंडवत. पण मायामीने त्या दिवशी ४७ खाल्ले आणि ४५ केलेही. म्हणजे दोन्हीकडचे बचाव गळकेच. समोर मायामीचा क्वार्टरबॅक बर्नी कोसार होता, त्यानेही झोडपलं. एका आशेच्या फेकीवर सर्वश्रेष्ठ कसं ठरवायचं?

बॉस्टनचे_काका

सर्वश्रेष्ठ मी म्हटलेच नाही. मूळ लेखात एक रात्र सांगितली होती, म्हणून मी एक दुपार सांगितली.

सावळ्या_मिनिआपोलिस

इतके प्रतिसाद झाले आणि १९८४ च्या मागे कोणी गेलं नाही. तिथे जायला हवं, कारण "वेगवेगळ्या काळांची तुलना" म्हणताना आपण धरून चालतो की प्रत्येक काळात सगळ्यांना खेळायला मिळत होतं.

सँडी स्टीव्हन्स. मिनेसोटा. पेनसिल्व्हेनियातल्या युनियनटाउनचा मुलगा. १९६० मध्ये मिनेसोटा राष्ट्रीय विजेता ठरला तेव्हा तो क्वार्टरबॅक होता, अशी कामगिरी करणारा पहिला कृष्णवर्णीय. १९६१ मध्ये देशाच्या सर्वोत्तम संघात निवड, १९६२ च्या रोझ बोलमध्ये यूसीएलएवर २१-३ आणि सामन्याचा मानकरी तोच. त्या काळात हे लोक नुसते आक्रमणाला नव्हते, बचावालाही मैदानातच असायचे. तुमच्या बरोला कोणी सांगितलं असतं की टचडाउन फेकून झालं, आता इथेच थांब आणि त्यांचा माणूस पाड, तर?

व्यावसायिक संघांनी त्याला निवडलं, पण क्वार्टरबॅक म्हणून नको होता. त्या जागेसाठी "डोकं" लागतं अशी त्यांची समजूत. तो कॅनडाला गेला.

आणि तो उत्तरेत होता म्हणून निदान कॉलेजात तरी खेळला. नॉर्थ कॅरोलिनाच्या जिमी रेला घरापासून शेकडो मैलांवर मिशिगन स्टेटला जावं लागलं, १९६६ च्या त्यांच्या अजिंक्य संघाचा तो क्वार्टरबॅक. त्याच्या स्वतःच्या राज्यातल्या मोठ्या गोऱ्या कॉलेजांत त्याला जागा नव्हती. धागाकर्त्यांना विचारतो: १९६९ चा टेक्सासचा विजेता संघ आठवतो का?

ऑस्टिनचा_अवलिया

आठवतो, आणि प्रश्न रास्त आहे.

इतरांसाठी: टेक्सासचा १९६९ चा संघ हा केवळ गोऱ्या खेळाडूंचा शेवटचा राष्ट्रीय विजेता संघ. क्वार्टरबॅक जेम्स स्ट्रीट, सुरुवातीपासून खेळलेले वीसच्या वीस सामने जिंकलेला. आर्कान्सॉविरुद्धचा १५-१४ चा सामना बघायला राष्ट्राध्यक्ष निक्सन स्वतः आले होते, आणि त्यात शेवटाकडे चौथा डाउन, तीन यार्ड हवे असताना स्ट्रीटने ४४ यार्डांचा पास टाकला. ऑस्टिनमधल्या म्हाताऱ्यांसमोर व्हिन्सचं नाव काढलं की ते हमखास हा पास काढतात. संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ज्युलियस व्हिटियर, पुढच्या वर्षी मैदानात आला.

व्हिन्स ह्यूस्टनचा. तीस-पस्तीस वर्षं आधी जन्मला असता तर? १९६९ मध्ये वीस वर्षांचा असता तर ऑस्टिनमध्ये प्रेक्षक झाला असता फार तर. हे मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. स्ट्रीटचं २०-० मी आता जरा वेगळ्या नजरेने बघेन. त्याने कोणाला हरवलं यासोबत कोणाला खेळूच दिलं नव्हतं हेही.

पण सावळ्या, याने माझ्या मताला धक्का बसत नाही, उलट जोर येतो. व्हिन्सला सगळ्यांविरुद्ध खेळावं लागलं.

बायूकाठची_मंजिरी

बरोलाही. फ्रेझरलाही. टीबोलाही. हा मुद्दा फक्त व्हिन्सच्या खात्यात कसा जमा होतो?

आणि विषय निघालाच आहे तर गुडघा. रोझ बोलच्या दुसऱ्या चरणात व्हिन्सने चेंडू मागे ढकलला आणि टेक्सासने टचडाउन केलं, तेव्हा त्याचा गुडघा आधीच जमिनीला टेकला होता. स्पष्ट दिसतं. फेरतपासणी झालीच नाही. तुमचा विजय तीन गुणांचा.

ऑस्टिनचा_अवलिया

गुडघा टेकला होता. वीस वर्षं ऐकतोय. त्यानंतर यूएससीला तब्बल अडीच चरण मिळाले होते हिशोब चुकता करायला.

बाबांचं_लॉगिन

नमस्कार, मी १९ वर्षांचा, बाबा लॉगआउट करायला विसरले. मराठी थोडं माफ करा, वाचता छान येतं, लिहिता कमी.

मला वाटतं तुम्ही सगळे आपण कॉलेजमध्ये होतो तेव्हाचा क्वार्टरबॅक निवडता. अवलियाकाका २००६ ला विद्यार्थी, म्हणून व्हिन्स. मला विचारलं तर मी एलएसयूचा जेडन डॅनियल्स म्हणेन, २०२३. आणि आता सगळे कॉलेज बदलतात, पैसे मिळतात, तर "आमचा" कोण हे पण कठीण आहे. तो ॲरिझोना स्टेटहून आला होता.

लिंकनचा_मक्या

पोरा, मराठी झकास आहे. पण गणित चुकलं. मी लिंकनला पोचलो तेव्हा फ्रेझर जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी त्याला एकदाही मैदानात बघितलं नाही. माझ्या रूममेटकडं व्हीएचएस टेप होती, तिच्यावर बघितला. आणि काका १९८४ ला कॉलेजात नव्हते, कचेरीत होते.

बॉस्टनचे_काका

कचेरीला सुट्टी होती.

गेनेसव्हिलची_गौरी

पोराचा दुसरा मुद्दा मात्र सोडू नका. बरो, कॅम न्यूटन, डॅनियल्स, सगळे कुठून तरी आलेले. न्यूटन तर आमच्याकडूनच गेला, मधे ब्लिन कॉलेज, मग ऑबर्नला १४-०. अलाबामाविरुद्ध २४-० मागे पडून २८-२७ जिंकला. तो आमचा म्हणायचा की नाही यावर माझं आणि माझ्या दिराचं बोलणं दोन दिवाळ्या बंद होतं.

हिशोबनीस

अवलिया, "त्यावर नंतर बोलेन" म्हणाला होतात. तिसरा डाउन, सतरा यार्ड. वाट बघतोय.

ऑस्टिनचा_अवलिया

बरं, सांगतो.

७ सप्टेंबर २०१९, रात्र झाली तरी उकाडा असा की शर्ट अंगाला चिकटलेला. एलएसयू सहा गुणांनी पुढे, अडीच-पावणेतीन मिनिटं शिल्लक. त्यांचा तिसरा डाउन आणि सतरा यार्ड. इथे अडवलं की चेंडू आमचा आणि सामना आमचा. लाखभर माणसं उभी. आवाज एवढा की शेजारी बायको काय ओरडतेय ते ओठांवरून वाचत होतो. आमच्या प्रशिक्षकांनी जास्तीची माणसं क्वार्टरबॅकवर सोडली. बरोबर निर्णय, मीही तोच घेतला असता, मीही ओरडून तेच सांगत होतो.

बरोसमोर आमचा माणूस मोकळा आला. म्हणजे आता पडणार. बरो एक पाऊल डावीकडे सरकला, एवढंच. पळाला नाही, घाबरला नाही, दारात उभ्या पाहुण्याला वाट द्यावी तसा बाजूला झाला आणि फेकला. जेफरसनने मधोमध झेलला आणि थेट आत. ६१ यार्ड.

एवढं मोठं स्टेडियम असं गप्प झालेलं मी पहिल्यांदा ऐकलं. वरच्या एका कोपऱ्यात एलएसयूचे जांभळे कपडेवाले नाचत होते आणि त्यांच्या बँडचा एक एक भोंगा वेगळा ऐकू येत होता. माझे दोन्ही हात वर गेलेले. टाळी वाजणार, एवढ्यात बायकोने मनगट धरून खाली ओढलं. "वेडा आहेस का? आजूबाजूला बघ."

मत व्हिन्सलाच. पण मंजिरीताई, पुढच्या गणपतीला तुमच्या यजमानांना सांगा, गॅरेजमध्ये माझ्या शेजारची खुर्ची धरून ठेवा.